एकसष्टचं उत्तर

१,७६,६३,१९,०४९.

एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. ही कुठल्या घोटाळ्याची रक्कम नाही की कुठल्या देशाची लोकसंख्या नाही. हे एका गणिताचं उत्तर आहे, आणि गणित विचारायला एक ओळ पुरते. अशी एक पूर्ण संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला तर पुन्हा एका पूर्ण संख्येचा वर्ग मिळेल. (शून्य चालणार नाही, नाहीतर काहीच करायला नको.)

पाचवीतल्या मुलालाही समजेल असा प्रश्न. आणि सुरुवातीला वाटतं, यात काय आहे, थोडी खटपट केली की सापडेल. शेजारच्या ६० चं बघा: ४ चा वर्ग १६, गुणिले ६० म्हणजे ९६०, अधिक १ म्हणजे ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. संपलं. दुसऱ्या बाजूचा शेजारी ६२: ८ चा वर्ग ६४, गुणिले ६२ म्हणजे ३९६८, अधिक १ म्हणजे ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. तेही संपलं. मधल्या ६१ ला मात्र सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे, आणि त्यातून जो वर्ग तयार होतो तो या लेखाच्या पहिल्या ओळीतल्या दहा आकडी संख्येचा. याहून लहान एकही जोडी नाही.

१, २, ३ असं एकेक घालून बघत बसलं, दर सेकंदाला एक आकडा तपासला, जेवण नाही, झोप नाही, तर सात वर्षं आणि दोन महिने लागतील. आणि त्या सात वर्षांत, अगदी शेवटच्या सेकंदापर्यंत, उत्तर आहे की नाही याचा काही पत्ता लागणार नाही.

हा प्रश्न भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या बीजगणित भागात उदाहरण म्हणून घातला आहे. उदाहरण म्हणून! एकाच श्लोकात ६७ आणि ६१, दोन्ही, मित्राला सहज विचारावं तसे. ६७ चं उत्तर त्या मानाने सोसण्यासारखं आहे: ५,९६७ आणि ४८,८४२. मग येतं ६१.

मला या श्लोकाबद्दल बरीच वर्षं कुतूहल होतं. आपल्याकडे भास्कराचार्य म्हटलं की लीलावती, तिच्या लग्नाचं घटिकापात्र, त्यात पडलेला मोती वगैरे गोष्ट सगळ्यांना पाठ असते. बीजगणिताचं नाव घेतलं की लोक म्हणतात "हो, शून्य आपणच शोधलं" आणि चहा मागवतात. असो. ६१ बद्दल कुणी बोलत नाही म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट साफ करून टाकू. अपूर्णांक चालत असतील तर या प्रश्नात काही दम नाही. ८ चा वर्ग ६४, तो ६१ पेक्षा ३ ने जास्त. आठाची दुप्पट १६, तिला या ३ ने भागा: १६/३. ही झाली पहिली संख्या. ६४ आणि ६१ ची बेरीज १२५, तिलाही ३ ने भागा: १२५/३. ही दुसरी. ताळा करून पाहा, बरोबर एक उरतो. भास्कराचार्यांना ही युक्ती माहीत होती, त्यांनी ती दिलीही आहे. पण पूर्णांकच हवेत म्हटलं की जमीन पायाखालून सरकते, कारण पूर्ण संख्या सूत्राला दाद देत नाहीत. त्या शोधाव्याच लागतात.

शोधायचं कसं, याची पहिली अर्धी गोष्ट ब्रह्मगुप्ताची आहे. ६२८ साली, भास्कराचार्यांच्या पाचशे वर्षं आधी, त्याने या प्रकाराला वर्गप्रकृती म्हटलं. ६१ ही 'प्रकृती'. लहान संख्या ते 'कनिष्ठ' मूळ, मोठी ते 'ज्येष्ठ' मूळ, आणि जो एक मिळवायचा तो 'क्षेप'. ब्रह्मगुप्ताचं म्हणणं थोडक्यात असं: लगेच १ क्षेपाचं उत्तर सापडत नसेल तर हट्ट करू नका, जो क्षेप मिळेल तो घ्या. अशी दोन चुकीची उत्तरं हाताशी असली की त्यांचा गुणाकार करता येतो. एकाच्या ज्येष्ठाने दुसऱ्याचं कनिष्ठ गुणा, मग उलट, तिरपे तिरपे (याला वज्राभ्यास असं झकास नाव आहे), त्यांची बेरीज म्हणजे नवं कनिष्ठ. दोन ज्येष्ठांच्या गुणाकारात दोन कनिष्ठांचा ६१ पट गुणाकार मिळवला की नवं ज्येष्ठ. आणि क्षेपांचा सरळ गुणाकार होतो. याचं नाव भावना. दोन चुका एकमेकींना भिडवून तिसरं उत्तर काढायचं, ते हवं त्याच्या जवळ जाईल अशा बेताने.

ब्रह्मगुप्ताने स्वतः ९२ हे उदाहरण दिलंय आणि वर म्हटलंय की जो हे वर्षभरात सोडवेल तो खरा गणिती. त्याचं उत्तर १२० आणि १,१५१. भावना माहीत असेल तर अर्ध्या तासात होतं. (मला दीड तास लागला, पण तो भाग सोडा.)

पण भावनेला कच्चा माल लागतो. ज्या क्षेपांवरून १ कडे जाता येतं, म्हणजे −१, २, −२, ४, −४, असं काहीतरी आधी हातात पडायला हवं. ते नशिबाने पडलं तर ठीक. नशिबाची गरज संपवणारी पद्धत म्हणजे चक्रवाल. भास्कराचार्य स्वतःच सांगतात की आधीचे आचार्य हिला चक्रवाल म्हणतात, म्हणजे पद्धत त्यांच्याही आधीची. ती कोणाची हे आपल्याला १९५४ मध्ये कळलं, जेव्हा कृपाशंकर शुक्ल यांनी १०७३ सालच्या उदयदिवाकराच्या 'सुंदरी' टीकेतली जयदेव नावाच्या गणितज्ञाची सूत्रं उजेडात आणली. या जयदेवाबद्दल जवळपास काहीच हाती नाही. गीतगोविंदाचा जयदेव हा नव्हे, तो पुढचा.

आता ६१ प्रत्यक्ष करू. कंटाळा येईल त्यांनी दोन परिच्छेद ओलांडावेत, पण माझं ऐकाल तर ओलांडू नका, कारण सगळी गंमत इथेच आहे.

सुरुवात सगळ्यात सोप्या जागेवरून. ८ चा वर्ग ६४, तो ६१ पेक्षा ३ ने जास्त. म्हणजे ज्येष्ठ ८, कनिष्ठ १, क्षेप ३. आता एक मदतनीस संख्या निवडायची. अट अशी की कनिष्ठाला तिने गुणून त्यात ज्येष्ठ मिळवलं तर क्षेपाने, म्हणजे ३ ने, निःशेष भाग जायला हवा. (अशी संख्या शोधण्याचं आपल्याकडचं यंत्र म्हणजे कुट्टक.) १, ४, ७, १०, १३... या सगळ्या चालतील. त्यातली अशी घ्यायची की तिचा वर्ग ६१ च्या सगळ्यात जवळ असेल. ७ चा वर्ग ४९, फरक १२. १० चा वर्ग १००, फरक ३९. तेव्हा ७. नवं कनिष्ठ: ८ अधिक ७, भागिले ३, म्हणजे ५. नवा क्षेप: ४९ वजा ६१, भागिले ३, म्हणजे −४. नवं ज्येष्ठ: ८ गुणिले ७ म्हणजे ५६, अधिक ६१, भागिले ३, म्हणजे ३९. ताळा: ३९ चा वर्ग १,५२१, ५ चा वर्ग गुणिले ६१ म्हणजे १,५२५. चार कमी. बरोबर.

चाक एकदाच फिरलं आणि −४ क्षेप हाती आला. इथे भास्कराचार्य चक्रवाल थांबवतात आणि ब्रह्मगुप्ताला बोलावतात. सगळ्याला २ ने भागायचं: ३९/२, ५/२, क्षेप −१. अपूर्णांक आले, येऊ देत. याची स्वतःशीच भावना: १५२३/२, १९५/२, क्षेप १. त्याची पुन्हा ३९/२ वाल्याशी भावना: २९,७१८ आणि ३,८०५, क्षेप −१. अपूर्णांक गेले! आता याची स्वतःशी एकदा भावना केली की −१ गुणिले −१ म्हणजे १, आणि उत्तर समोर: १,७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८०. भावना न वापरता नुसतं चाक फिरवत राहिलं तरी हेच येतं, चौदा पावलांत. सात वर्षं आणि दोन महिने विरुद्ध चौदा पावलं.

ही संख्या मी बरेच दिवस उलटीपालटी करून पाहिली. तिच्यात तिच्या जन्माच्या खुणा आहेत. ती मूळ संख्या नाही, तिचे अवयव पडतात: १,५२३ × ११,५९,७६३. हा १,५२३ आपण आत्ताच पाहिला, दुसऱ्या पायरीवरचा अर्धा राहिलेला. आणि तिची जोडीदार, २२,६१,५३,९८०, म्हणजे १९५ × ११,५९,७६४. इथेही तोच १९५, आणि दुसरे अवयव एकमेकांच्या शेजारचे. संख्येतून १ वजा केला तर जे उरतं ते २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट. १ मिळवला तर ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट. कोरीव लेण्यात छिन्नीचे घाव दिसावेत तसं वाटतं मला हे. कुठून कुठून आली ते तिच्या अंगावर लिहिलंय.

आणखी एक. मोठीला छोटीने भागलं की ६१ चं वर्गमूळ मिळतं, अर्थातच अचूक नाही, पण दशांशचिन्हानंतर सतरा आकड्यांपर्यंत बरोबर. बाराव्या शतकात इतक्या अचूकतेचं कुणाला काय काम पडणार होतं? काही नाही. ग्रहगणिताला याचा शतांशही लागत नाही. हे निव्वळ हौसेपोटी केलेलं गणित आहे, आणि मला ते त्यामुळेच जास्त आवडतं.

आता पाचशे वर्षं पुढे आणि बरंच पश्चिमेला जाऊ.

फ्रान्समधल्या तुलूझ इथे पिएर द फर्मा नावाचा न्यायालयातला अधिकारी होता. गणित फावल्या वेळात. १६५७ च्या फेब्रुवारीत त्याने इंग्लंडच्या आणि इतर गणितज्ञांना आव्हान पाठवलं. प्रश्न हाच: वर्ग नसलेली कुठलीही संख्या घ्या, तिने एका वर्गाला गुणा, एक मिळवा, वर्ग आला पाहिजे. पॅरिसच्या फ्रेनिक्लला लिहिलेल्या पत्रात त्याने, फार त्रास नको म्हणून लहानच संख्या देतो असा आव आणून, दोन उदाहरणं सुचवली: ६१ आणि १०९.

६१! शंभराच्या आतल्या सगळ्या संख्यांमध्ये ज्या एकीचं उत्तर सगळ्यात राक्षसी आहे, नेमकी तीच. आणि १०९ चं उत्तर तर पंधरा आकडी आहे. खट्याळ माणूस.

इंग्लंडात हे आव्हान ब्राउंकर आणि वॉलिस यांनी घेतलं. आधी त्यांनी अपूर्णांकातलं उत्तर पाठवलं, ते वरचं १२५/३ च्या जातीचं. फर्मा अर्थातच खूश झाला नाही. मग ब्राउंकरने पूर्णांकांची पद्धत काढली, आणि चांगली काढली. फ्रेनिक्लने १५० पर्यंतच्या संख्यांची उत्तरं काढून वर १५१ आणि ३१३ सोडवून दाखवा असं डिवचलं होतं, तर ब्राउंकरने ३१३ चा फडशा तास-दोन तासांत पाडला. हा ब्राउंकर पुढे रॉयल सोसायटीचा पहिला अध्यक्ष झाला. आणि त्याच्या श्रमाचं फळ काय? ऑयलरने नंतर चुकून या समीकरणाला जॉन पेलचं नाव दिलं, ज्याने त्या पद्धतीत काही केलं नव्हतं. आजही जगभर ते 'पेलचं समीकरण'च आहे. ब्रह्मगुप्त, जयदेव, भास्कराचार्य, फर्मा, ब्राउंकर, सगळे बाजूला, आणि मांडवात नवरदेव भलताच.

इथवरची गोष्ट मी मागे आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थोडक्यात टाकली होती. अर्ध्या तासात धाकट्या काकांचं उत्तर आलं, "म्हणजे त्यांनी आपलंच चोरलं." त्यावर अमेरिकेतल्या चुलतभावाचं, "काका, सगळंच आपल्याकडून चोरलेलं कसं असेल? हा योगायोग आहे." मग जे व्हायचं ते झालं, आणि दोन दिवस ग्रुपवर फक्त सुप्रभातची फुलं येत राहिली.

काका, तुम्ही हे वाचत असालच, म्हणून जरा नीट लिहितो. चोरीचा पुरावा नाही. 'बीजगणित'चं फारसी भाषांतर अताउल्ला रशीदीने १६३४ मध्ये शाहजहानच्या काळात केलं हे खरं, पण तिथून ते तुलूझला पोचल्याचा कसलाही माग सापडलेला नाही. इंग्रजीत हे आलं ते थेट एकोणिसाव्या शतकात, आधी १८१३ मध्ये स्ट्रेचीने फारसीवरून आणि मग १८१७ मध्ये कोलब्रुकने मूळ संस्कृतावरून केलेल्या भाषांतरांत. फर्मा १६६५ मध्येच गेला होता. त्याची पद्धत त्याने कधी लिहून ठेवली नाही, पण त्याच्याकडे ती होती यावर अभ्यासकांचा विश्वास आहे, आणि त्याचं कारण हेच की त्याने ६१ आणि १०९ निवडले.

आणि योगायोगही नाही. चुलतभावाला मी हेच सांगितलं. ज्याला पद्धत येत नाही तो ६१ निवडूच शकत नाही. तो ६० निवडेल, ६२ निवडेल, त्याला वाटेल ६१ ही असाच कुठलातरी आकडा आहे. ६१ अवघड आहे हे कळायला आधी ६१ सोडवावं लागतं, आणि ते शेजाऱ्यांपेक्षा वेगळं आहे हे कळायला शेजारी सोडवावे लागतात. डोंगर कुठला उंच हे जो सगळ्यांवर चढून आलाय तोच सांगतो. दोन माणसांनी, पाचशे वर्षांच्या अंतराने, एकमेकांचं नावही न ऐकता त्याच शिखराकडे बोट दाखवलं तर त्याचा अर्थ इतकाच की दोघंही वर जाऊन आले होते. शिखर तिथेच होतं.

मला वाटतं 'आधी कोणी' या भांडणात हाच पुरावा हातातून निसटतो. भास्कराचार्यांनी उत्तर काढताना किती संख्या करून पाहिल्या याची टिपणं राहिलेली नाहीत. पाटीवर धूळ पसरून केलेलं गणित, पुसलं की गेलं. पण त्यांनी उदाहरणाला कुठली संख्या घेतली ते राहिलं, आणि त्यावरून त्या पुसलेल्या पाट्यांचा अंदाज येतो. विसाव्या शतकातला मोठा गणितज्ञ आंद्रे वेय याने १९८४ च्या आपल्या संख्याशास्त्राच्या इतिहासात एक छान कल्पना केली आहे: भारतातून नुकत्याच परतलेल्या एखाद्या मिशनऱ्याने फर्माला सांगितलं असतं की तुझा प्रश्न तिकडे केव्हाच सोडवून झालाय, तर त्याचं तोंड कसं झालं असतं!

आता जी बाजू फॉरवर्डमध्ये येत नाही तीही सांगायला हवी. चक्रवाल दर वेळी संपतं का? म्हणजे ६१ ला संपलं, ६७ ला संपलं, पण वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येला चाक फिरत फिरत १ वर येऊन थांबेलच याची खात्री काय? भास्कराचार्य तसं गृहीत धरतात. सिद्धता देत नाहीत. ती दिली लाग्रांजने, १७६८ च्या सुमारास: उत्तर नेहमी असतंच. आपल्याकडे सिद्धता नव्हत्याच असं कुणी म्हणेल तर तेही खरं नाही. सोळाशेच्या आसपास कृष्ण दैवज्ञाने बीजगणितावर लिहिलेल्या टीकेत भावनेची रीतसर उपपत्ती आहे. पण 'नेहमी' हा शब्द सिद्ध करायला लागतो असं आपल्याकडे कुणाला वाटल्याचं दिसत नाही. लाग्रांजला ते वाटलं. उलट चौदा पावलांत जाणारं चक्रवाल लाग्रांजच्या परंपरागत अपूर्णांकांच्या रीतीपेक्षा भरभर चालतं, तिला याच ६१ साठी बावीस पावलं लागतात. जर्मन इतिहासकार हांकेलने १८७४ मध्ये लिहिलं की लाग्रांजच्या आधी संख्याशास्त्रात यापेक्षा सुंदर काही झालेलं नाही. लाग्रांजला स्वतःला हे वाचायला मिळालं नाही. तो १८१३ मध्ये गेला, कोलब्रुकचं पुस्तक चार वर्षांनी आलं.

६१ च असं का वागतं? थोडंसं सांगता येतं. ४ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्यांमध्ये वाटेत −१ क्षेपाचा मुक्काम लागतोच (आपल्याला २९,७१८ ला लागला), आणि तिथून १ वर जाण्यासाठी उत्तराची स्वतःशी भावना करावी लागते, म्हणजे आकड्यांची संख्या जवळजवळ दुप्पट होते. ६१ तशी, १०९ ही तशी. पण ५३ सुद्धा तशीच आहे आणि तिचं उत्तर ६६,२४९ वर आटोपतं. म्हणजे हे पूर्ण कारण नव्हे. नुसती संख्या बघून उत्तर किती लांबेल हे सांगणारं साधं सूत्र आजही कुणाकडे नाही. आर्किमिडीजच्या नावावर असलेलं सूर्याच्या गुराढोरांचं कोडं आहे ना, तेही शेवटी याच जातीच्या समीकरणावर येतं, आणि त्यातली एकूण गुरं मोजणारी संख्या २,०६,५४५ आकडी आहे. ती पूर्ण काढायला १९६५ साल आणि संगणक लागला.

चाळीसगावहून पाटणादेवीला गेलात तर तिथे सह्याद्रीच्या कुशीत भास्कराचार्यांचा एक धागा सापडतो. त्यांचं गाव विज्जडविड, ते नक्की कुठलं यावर विद्वानांची मारामारी आहे आणि मी त्यात पडत नाही. पण पाटणचा शिलालेख निर्विवाद आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव, जो देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. त्याला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये दान दिलं. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ लेख संस्कृतात, पण शेवटच्या ओळी, ज्यात मठाला कुठल्या मालावर किती हिस्सा मिळायचा ते आहे, त्या मराठीत. हे मला फार आवडतं. स्तुती संस्कृतात, आणि पैशाचा व्यवहार आला की मराठी.

त्या मठात ६१ शिकवलं गेलं असणार. मी तिथे गेलो तेव्हा हेच मनात येत होतं, की कुणी पोरगा धुळीच्या पाटीवर ३९, ५, −४ पर्यंत येऊन अडला असेल आणि गुरुजींनी वरून बघून म्हटलं असेल, दोनाने भाग की. पण आजोबांचा ग्रंथ शिकवायला मठ काढणं वेगळं, आणि आजोबांच्या पुढची संख्या घेणं वेगळं. १३५६ मध्ये नारायण पंडिताने 'गणितकौमुदी'त चक्रवालासाठी ९७ आणि १०३ ही उदाहरणं घेतली, चांगली आहेत, पण ६१ च्या पुढे उंची नाही. १०९ हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारला नाही. तो तुलूझहून आला.

आणि चुटपुट लागते ती यासाठी, की १०९ भास्कराचार्यांच्या पद्धतीपुढे काहीच नाही. मी एका रविवारी वहीत करून पाहिलं. १० चा वर्ग १००, म्हणजे १०, १, क्षेप −९. मदतनीस ८ घ्या: २१, २, क्षेप ५. मदतनीस १२: ९४, ९, क्षेप ७. मदतनीस ९: २६१, २५, क्षेप −४. झालं! −४ आला की पुढे ब्रह्मगुप्ताची तयार वाट आहेच. २६१ च्या वर्गात २ मिळवा: ६८,१२३. याचा वर्ग, वजा ३, भागिले २, आणि त्याला पुन्हा ६८,१२३ ने गुणा: १५,८०,७०,६७,१९,८६,२४९. फर्माचा पंधरा आकडी राक्षस, चाक तीनदा फिरवून. वहीचं एक पानही भरलं नाही. हे ११५० मध्ये उन्हाळ्याच्या एका दुपारी होण्यासारखं होतं.

कुणाला स्वतः करून बघायचं असेल तर नारायण पंडिताचं ९७ घ्या. सुरुवात १० पासून करा, क्षेप ३ येतो. पुढचं सांगत नाही. उत्तर आठ आकडी आहे आणि ६२ ने सुरू होतं, एवढं ताळ्यासाठी पुरे.